वैद्यकीय प्रवेश परीक्षा : उत्तर येणे आणि उत्तराची खात्री असणे

वैद्यकीय शिक्षणाची आकांक्षा बाळगणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या आपल्या देशात सातत्याने वाढत आहे. राष्ट्रीय पात्रता व प्रवेश परीक्षेस, म्हणजे सर्वत्र 'नीट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परीक्षेस, २०२४ साली २३ लाखांहून अधिक आणि २०२५ साली २२ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. एम.बी.बी.एस.च्या जागा देशभरात एक लाखाहून काहीशा अधिक आहेत आणि त्यांतील शासकीय महाविद्यालयांच्या, सामान्य कुटुंबाला परवडतील अशा जागा त्याहून पुष्कळ कमी आहेत. साहजिकच एकेका गुणावर शेकडो नव्हे, तर हजारो विद्यार्थ्यांचा क्रम पुढे-मागे होतो. अशा परीक्षेची तयारी करताना 'पुष्कळ वाचा आणि पुष्कळ सराव करा' एवढाच सल्ला पुरेसा ठरत नाही. या परीक्षेचे गुणांकन एका विशिष्ट गणितावर उभे आहे. ते गणित समजून घेतले तर अभ्यासाची दिशाच बदलते.

हा प्रश्न मोठ्या शहरांतील विद्यार्थ्यांपुरता मर्यादित नाही. लातूर व नांदेड येथे दरवर्षी राज्याच्या कानाकोपऱ्यांतून मुले-मुली खोल्या घेऊन अभ्यासासाठी राहतात. त्यांच्यामागे कित्येकदा शेतीच्या उत्पन्नातून बाजूला काढलेले पैसे असतात. ज्यांना हे शक्य नाही, ते तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात शिकून, जुन्या प्रश्नपत्रिका मिळवून स्वतःच्या बळावर तयारी करतात. हा लेख मुख्यतः अशा विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या पालकांना उपयोगी पडावा.

एका परीक्षेपर्यंतचा प्रवास

महाराष्ट्रात एके काळी वैद्यकीय प्रवेश बारावीच्या परीक्षेतील भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र या विषयांच्या गुणांवर दिले जात. पुढे राज्याची स्वतंत्र सामाईक प्रवेश परीक्षा आली. संपूर्ण देशासाठी एकच परीक्षा असावी या विचारातून ५ मे २०१३ रोजी पहिली 'नीट' झाली, परंतु १८ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्दबातल ठरविली. ११ एप्रिल २०१६ रोजी न्यायालयाने तो निर्णय मागे घेतला. त्या वर्षी परीक्षा अवघ्या काही दिवसांवर आलेली असताना कोणत्या अभ्यासक्रमाची तयारी करावी, हेच राज्यातील विद्यार्थ्यांना कळेनासे झाले होते. अखेर केंद्र शासनाने अध्यादेश काढून राज्यांना एका वर्षाची सवलत दिली. २०१७ पासून मात्र राज्यातील सर्व वैद्यकीय व दंत महाविद्यालयांचे प्रवेश याच परीक्षेवर होऊ लागले. २०१९ पासून परीक्षेचे आयोजन राष्ट्रीय परीक्षा संस्थेकडे आले आणि २०२० पासून दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेसारख्या संस्थांच्या वेगळ्या प्रवेश परीक्षाही यातच विलीन झाल्या. २०२० सालीच राज्य शासनाने वैद्यकीय प्रवेशातील ७०:३० हे प्रादेशिक सूत्र रद्द केले. त्यामुळे मराठवाडा, विदर्भ आणि उर्वरित महाराष्ट्र येथील विद्यार्थी राज्याच्या एकाच गुणवत्ता यादीत आले.

काही देशांत वैद्यकीय प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या चाचण्या विद्यार्थ्याची तर्कशक्ती, आकडेमोड आणि प्रसंगावधान पारखतात. त्यांत शालेय विषयांचे ज्ञान फारसे विचारले जात नाही. 'नीट' ही तशी कल-चाचणी नव्हे. ती पाठ्यपुस्तकांतील ज्ञानावरच आधारलेली आहे. तथापि प्रत्येक प्रश्नाला सरासरी एक मिनिट मिळत असताना आणि चुकीच्या उत्तराला दंड असताना, 'हे मला खरोखर येते का' याचा निर्णय क्षणात घेण्याची क्षमताही तीत आपोआप तपासली जाते. शिकवणीच्या वर्गांत विषय शिकविला जातो, निर्णयाची ही बाजू बहुधा विद्यार्थ्यावरच सोडली जाते.

परीक्षेचे स्वरूप

२०२५ साली झालेल्या परीक्षेत १८० प्रश्न होते आणि ते सर्व अनिवार्य होते. भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५ आणि जीवशास्त्राचे ९० अशी त्यांची विभागणी होती. वेळ १८० मिनिटांचा व एकूण गुण ७२० होते. २०२१ ते २०२४ या चार वर्षांत २०० प्रश्नांपैकी १८० सोडविण्याची मुभा आणि २०२२ पासून २० मिनिटांचा जादा वेळ होता, ती सवलत २०२५ मध्ये राहिली नाही. त्यामुळे मधल्या वर्षांच्या प्रश्नपत्रिकांवर सराव करताना वेळेचे मोजमाप बदलून घ्यावे लागते. बरोबर उत्तरास ४ गुण मिळतात, चुकीच्या उत्तरास १ गुण वजा होतो आणि न सोडविलेल्या प्रश्नास काहीच मिळत नाही वा वजा होत नाही. अर्ज भरण्यापूर्वी त्या त्या वर्षीची माहिती पुस्तिका स्वतः वाचावी. ऐकीव माहितीवर विसंबून राहू नये.

पात्रतेविषयी एक गैरसमज फार रूढ आहे. खुल्या प्रवर्गासाठी ५० पर्सेंटाइल ही पात्रतेची अट म्हणजे ५० टक्के गुण, असे अनेक पालक समजतात. पर्सेंटाइल हे गुणांचे नव्हे, तर क्रमाचे माप आहे. परीक्षेस बसलेल्यांपैकी निम्मे विद्यार्थी ज्या गुणांच्या खाली राहतात, ते गुण म्हणजे ५० पर्सेंटाइल. २०२२ साली ही रेषा ११७ गुणांवर, २०२३ साली १३७, २०२४ साली १६२ आणि २०२५ साली १४४ गुणांवर होती. ७२० पैकी १४४ म्हणजे केवळ २० टक्के. ही रेषा ओलांडल्याने प्रवेशाच्या रांगेत उभे राहण्याचा हक्क मिळतो, शासकीय महाविद्यालयातील जागा मिळत नाही. 'मुलगा पात्र ठरला' या आनंदात भरमसाट शुल्काच्या महाविद्यालयांकडे वळण्यापूर्वी हा फरक घरातील सर्वांनी समजून घ्यावा.

अंदाजाची किंमत

'चुकीला गुण वजा होतात, म्हणून अंदाजाने काहीही लिहू नये' असे सर्रास सांगितले जाते. हे विधान गणिताच्या कसोटीवर लावून पाहण्यासारखे आहे.

प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय असतात. एखाद्याने १०० प्रश्नांची उत्तरे केवळ चिठ्ठी टाकून ठरविली, तर सरासरीने २५ बरोबर येतील व ७५ चुकतील. बरोबर उत्तरांचे १०० गुण मिळतील, चुकांचे ७५ जातील आणि २५ गुण शिल्लक राहतील. म्हणजे निव्वळ आंधळ्या अंदाजाचे मोल दर प्रश्नी पाव गुण येते. एक पर्याय निश्चितपणे बाद करता आला तर उरलेल्या तिघांतून निवड करण्याचे मोल दर प्रश्नी सुमारे दोन-तृतीयांश गुण होते. दोन पर्याय बाद झाले तर ते दीड गुणापर्यंत जाते. नफा-तोटा बरोबरीत येण्याची रेषा शंभरात २० बरोबर उत्तरांवर आहे : २० बरोबर म्हणजे ८० गुण मिळाले आणि ८० चुका म्हणजे ८० गुण गेले.

या हिशेबाप्रमाणे पाहिले तर 'अंदाज कधीच करू नये' हा उपदेश खरा नाही. मग प्रत्यक्षात अंदाजाने इतक्या विद्यार्थ्यांचे गुण का जातात? याचे उत्तर असे की, परीक्षेत कोणी चिठ्ठी टाकत नाही. विद्यार्थी जो पर्याय 'ओळखीचा वाटतो' तो निवडतो आणि चुकीचे पर्याय ओळखीचे वाटावेत अशाच रीतीने तयार केलेले असतात. प्रश्न रचणारा तज्ज्ञ विद्यार्थी कोठे घसरतात हे जाणून असतो, त्या घसरणीच्या प्रत्येक जागी तो एक पर्याय मांडून ठेवतो. त्यामुळे अर्धवट ज्ञानावर केलेला अंदाज चिठ्ठीपेक्षाही वाईट ठरू शकतो.

पर्याय कसे रचले जातात

एक साधे उदाहरण घ्यावे. एक चेंडू सेकंदाला २० मीटर या वेगाने सरळ वर फेकला, तर तो पुन्हा हातात येण्यास किती वेळ लागेल? गुरुत्वत्वरण १० धरले तर वर जाण्यास २ सेकंद लागतात व खाली येण्यास तितकेच, म्हणून उत्तर ४ सेकंद. पर्यायांमध्ये २ सेकंद हे उत्तर हमखास असते. सूत्र येणारा, गणित नीट करणारा, परंतु प्रश्नातील 'पुन्हा हातात' हे शब्द नजरेतून निसटलेला विद्यार्थी २ हे उत्तर पाहताच समाधानाने गोल काळा करतो. त्याला आपण चुकलो अशी शंकाही येत नाही, कारण आपण काढलेले उत्तर पर्यायांत सापडले यालाच तो पुरावा मानतो.

रसायनशास्त्रात हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्यापासून पाणी होण्याची अभिक्रिया सर्वांच्या परिचयाची आहे. ४ ग्रॅम हायड्रोजन व १६ ग्रॅम ऑक्सिजन यांपासून जास्तीत जास्त किती पाणी तयार होईल? येथे हायड्रोजनचे २ मोल व ऑक्सिजनचा अर्धा मोल आहे. अर्ध्या मोल ऑक्सिजनला १ मोल हायड्रोजन पुरतो. ऑक्सिजन आधी संपतो, म्हणून १ मोल, अर्थात १८ ग्रॅम पाणी मिळते आणि २ ग्रॅम हायड्रोजन तसाच उरतो. ज्याने केवळ हायड्रोजनवरून हिशेब केला त्याला ३६ ग्रॅम हे उत्तर मिळेल, ज्याने दोन्ही वजनांची बेरीज केली त्याला २० ग्रॅम. ही दोन्ही उत्तरे पर्यायांत त्याची वाट पाहत असणारच.

जीवशास्त्रात सापळ्याचे स्वरूप वेगळे असते. मूत्रपिंडातील हेन्लेच्या पाशाची उतरती बाजू पाण्यास पार्य असते व क्षारांना जवळजवळ अपार्य, चढत्या बाजूचे नेमके उलट. धडा एकदा वाचलेल्या विद्यार्थ्याला 'एका बाजूने पाणी जाते, दुसऱ्या बाजूने क्षार' एवढे स्मरते, पण कोणती बाजू कोणती, हे निसटते. दोन विधाने देऊन त्यांतील योग्य कोणते असे विचारले की या विद्यार्थ्याला दोन्ही विधाने ओळखीची वाटतात. हेच ज्ञान पाणी कोठे बाहेर पडते आणि मूत्र संहत कसे होते या कार्यकारणाशी जोडून शिकलेल्या विद्यार्थ्याला बाजूंची उलटापालट होण्याची भीती राहत नाही. घोकंपट्टीने ओळख निर्माण होते. या परीक्षेत मात्र ओळख हीच सर्वांत महाग पडणारी गोष्ट आहे.

तीन खुणांची पद्धत

यावर उपाय म्हणून एक अगदी साधी पद्धत घरच्या घरी, कोणत्याही खर्चाशिवाय अवलंबिता येते. प्रत्येक सराव परीक्षा देताना उत्तराबरोबर एक खूण करावी. उत्तर निश्चित येत असेल तर 'ख' म्हणजे खात्री, दोन पर्यायांत घोटाळा असेल तर 'श' म्हणजे शंका, आणि केवळ आवडले म्हणून निवडले असेल तर 'अ' म्हणजे अंदाज. उत्तरे तपासल्यानंतर एकूण गुण मोजण्याआधी या तीन गटांचा वेगवेगळा हिशेब करावा.

समजा, एका विद्यार्थिनीने पाच सराव परीक्षा दिल्या. एकूण ९०० प्रश्नांपैकी १४० तिने सोडून दिले. अंदाजाचे ६० प्रश्न होते, त्यांपैकी ९ बरोबर व ५१ चूक आले. ३६ गुण मिळाले, ५१ गेले, १५ गुणांचा तोटा झाला. शंभरात १५ हे प्रमाण २० च्या रेषेखाली आहे. तेव्हा या विद्यार्थिनीने 'अ' गटातील प्रश्न सोडून द्यावेत, हे तिच्यापुरते सिद्ध झाले. दुसऱ्या एखाद्याचे प्रमाण शंभरात ३० निघेल. त्याने ते सोडण्याचे कारण नाही. शंकेच्या १०० प्रश्नांत तिची ५५ उत्तरे बरोबर आली. त्यांतून १७५ गुण पदरी पडले, म्हणजे तेथे लिहिण्याचे धैर्य तिला लाभदायकच ठरले.

खात्रीच्या गटात ६०० प्रश्न होते, त्यांतील ५४० बरोबर व ६० चूक. वरवर पाहता ही कामगिरी उत्तम वाटते. परंतु येथील प्रत्येक चुकीने मिळणारे ४ गुण हुकले आणि हातचा १ गेला. ६० चुकांचे ३०० गुण झाले, म्हणजे दर परीक्षेस ६०. तिची सरासरी ४५२ येते. अंदाजाचा तोटा पाच परीक्षांत मिळून अवघा १५ गुणांचा, आणि 'हे तर मला येतेच' अशा प्रश्नांतील तोटा ३०० गुणांचा. विद्यार्थी व पालक ज्या ऋण गुणांची धास्ती घेतात ते अंदाजाचे असतात, खरी गळती खात्रीच्या रकान्यातून होत असते. आकडे प्रत्येकाचे निराळे निघतील, परंतु हा हिशेब एकदा मांडल्यावाचून आपली गळती कोठे आहे हे कोणालाही कळणार नाही.

खात्रीच्या रकान्यातील चुका एका स्वतंत्र वहीत उतरवून काढाव्यात. प्रश्न पूर्ण लिहिण्याची गरज नाही. विषय, प्रकरण आणि चूक का झाली हे एका ओळीत लिहिले तरी पुरे. पंधरा-वीस नोंदी झाल्या की त्यांचे दोन प्रकार दिसू लागतात. पहिला प्रकार वाचनाचा : 'अयोग्य विधान कोणते' यातील 'अयोग्य' सुटणे, एकक न पाहणे, जोड्यांमध्ये एक ओळ वर-खाली होणे. अशा चुका अधिक अभ्यासाने जात नाहीत. प्रश्नातील निर्णायक शब्द अधोरेखित करण्याची सवय हाताला लावूनच त्या जातात. दुसरा प्रकार संकल्पनेचा. तेथे पाठ्यपुस्तक उघडून ते प्रकरण पुन्हा वाचावे, नवा सराव संच घेऊ नये. चूक समजून न घेता दहावी सराव परीक्षा देणे म्हणजे गळक्या घागरीने पुन्हा पाणी भरणे होय.

पुस्तके, आवृत्ती आणि भाषा

परीक्षेचा अभ्यासक्रम राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोग ठरवितो. २०२४ च्या परीक्षेपासून त्यातील काही भाग वगळण्यात आला आहे. अकरावी-बारावीची एन.सी.ई.आर.टी.ची पाठ्यपुस्तके हा तयारीचा पाया होय, विशेषतः जीवशास्त्रात, जेथे आकृतीखालील ओळ व कोष्टकातील एखादी नोंदही प्रश्न होऊन येते. राज्य मंडळाची पुस्तके बाजूस टाकून चालत नाही. बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र मिळून खुल्या प्रवर्गास ५० टक्के व राखीव प्रवर्गांस ४० टक्के गुण आवश्यक असतात.

पुस्तकाची आवृत्ती कोणती हा प्रश्न किरकोळ वाटेल, पण २०२४ साली त्याची मोठी किंमत मोजावी लागली. भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नात 'प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात' अशा आशयाचे विधान होते. जुन्या आवृत्तीनुसार ते बरोबर ठरत होते. नव्या आवृत्तीत 'प्रत्येक' ऐवजी 'बहुतेक' असा बदल झाला होता. परीक्षा संस्थेने आधी दोन्ही उत्तरे ग्राह्य धरली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील तज्ज्ञांनी एकच उत्तर बरोबर असल्याचे सांगितले आणि चार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचे प्रत्येकी ५ गुण कमी झाले. त्याच वर्षी प्रश्नपत्रिका फुटल्याच्या तक्रारींनी देशभर खळबळ उडाली होती. वेळ वाया गेल्याबद्दल वाढीव गुण मिळालेल्या १,५६३ विद्यार्थ्यांचे ते गुण रद्द होऊन त्यांच्यासाठी २३ जून रोजी फेरपरीक्षा झाली, मात्र संपूर्ण परीक्षा रद्द करण्याची मागणी न्यायालयाने २३ जुलै २०२४ रोजी अमान्य केली. अशा घटना विद्यार्थ्याच्या हाती नसतात. थोरल्या भावंडाची जुनी पुस्तके वापरताना ती चालू आवृत्तीशी ताडून पाहणे मात्र त्याच्या हाती असते.

मराठी माध्यमातून दहावी झालेल्या विद्यार्थ्यांपुढे आणखी एक निर्णय असतो. ही परीक्षा २०२१ पासून १३ भाषांतून घेतली जाते व त्यांत मराठी आहे. मराठी निवडणाऱ्यास मराठी व इंग्रजी अशी दुहेरी प्रश्नपत्रिका मिळते, मात्र अनुवादात संदिग्धता आढळल्यास इंग्रजी मजकूर अंतिम मानला जातो. भाषेची निवड अर्ज भरतानाच करावी लागते. अकरावी व बारावीचे विज्ञान राज्यात इंग्रजीतून शिकविले जात असल्याने दोन वर्षांनंतर परासरण, अर्धसूत्री विभाजन, संवेग हे शब्द काहींना परके झालेले असतात. केवळ मातृभाषेच्या ओढीने ऐनवेळी मराठी निवडणे जसे अहिताचे, तसेच कमीपणा वाटतो म्हणून ती टाळणेही अनाठायी. दोन-तीन सराव परीक्षा दुहेरी प्रश्नपत्रिकेवर देऊन, वेळ वाचतो की वाढतो हे पाहावे आणि मग ठरवावे. प्रश्नाचा आशय मराठीत चटकन उमगतो व संज्ञा इंग्रजीत पडताळता येते, असा दुहेरी लाभ काहींना निश्चितच होतो.

तीन तासांची विभागणी

जीवशास्त्राचे ९० प्रश्न बव्हंशी स्मरणाचे असल्याने चांगली तयारी असलेल्यास ते ४५ ते ५० मिनिटांत सोडविता येतात. रसायनशास्त्रास तितकाच वेळ दिला तर भौतिकशास्त्रासाठी ८० ते ९० मिनिटे उरतात आणि ती लागतातच. जीवशास्त्रापासून प्रारंभ करण्याचे आणखी एक कारण आहे : समान गुण मिळाल्यास क्रम ठरविताना प्रथम जीवशास्त्राचे, मग रसायनशास्त्राचे, नंतर भौतिकशास्त्राचे गुण पाहिले जातात आणि त्यानंतरही बरोबरी राहिली तर चुकीच्या उत्तरांचे प्रमाण विचारात घेतले जाते. भौतिकशास्त्राचा एखादा प्रश्न दोन मिनिटांत मार्गी लागला नाही तर त्यावर खूण करून पुढे जावे. २०२५ साली भौतिकशास्त्राचा भाग इतका कठीण होता की देशातील सर्वोच्च गुण ६८६ वर थांबले. त्या दिवशी ज्यांनी कठीण प्रश्नांशी हट्टाने झुंज दिली, त्यांचे पुढचे सोपे प्रश्न राहून गेले.

उत्तरपत्रिकेवरील गोल बॉलपेनने भरावे लागतात व एकदा भरलेला गोल बदलता येत नाही. सर्व गोल शेवटी भरू असे म्हणणे धोक्याचे आहे. प्रश्नपत्रिकेचे एक पान संपले की त्या पानाची उत्तरे भरावीत आणि दर वेळी प्रश्नक्रमांक ताडून पाहावा. सोडलेल्या प्रश्नामुळे एक ओळ सरकली की पुढची सारी बरोबर उत्तरे चुकीच्या जागी जातात. घरच्या सरावातही छापील उत्तरपत्रिकेवर गोल भरूनच परीक्षा द्यावी. वहीत अ, ब, क, ड लिहून केलेला सराव वेळेचा खरा अंदाज देत नाही. परीक्षेची वेळ दुपारी २ ते ५ अशी असते. मे महिन्यातील उन्हात त्या वेळी डोके चालावे, यासाठी शेवटच्या महिन्यातील सरावही त्याच वेळी करणे इष्ट.

पुन्हा बसावे काय?

परीक्षा किती वेळा द्यावी यावर बंधन नाही आणि कमाल वयाची अटही २०२२ पासून उरलेली नाही. त्यामुळे एक वर्ष थांबून पुन्हा बसण्याचा विचार अनेक घरांत होतो. हा निर्णय मागील गुणांवर नव्हे, तर चुकांच्या वहीवर करावा. चुका मुख्यतः वाचनाच्या व ठरावीक चार-सहा प्रकरणांतील असतील, तर वर्ष सार्थकी लागण्याची शक्यता आहे. पाया सर्वच विषयांत कच्चा असेल, तर केवळ एक वर्ष वाढल्याने चित्र पालटेलच असे नाही. दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी व युनानी या पदव्यांचे प्रवेशही याच परीक्षेवर होतात, याचा शांतपणे विचार व्हावा. इतर मागास वर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाच्या 'महाज्योती' या संस्थेमार्फत टॅब व ऑनलाइन प्रशिक्षण देण्यात येते, त्याच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे.

घरात या काळात बोलणे कमी आणि विचारपूस जास्त होते. 'आज किती गुण पडले' याऐवजी 'आज कोणती चूक सापडली' असे विचारले तर मुलाला वही दाखवाविशी वाटेल. झोप उडणे, जेवणावरची वासना जाणे, एकलकोंडेपणा वाढणे अशी लक्षणे दिसली तर ती आळसाची समजू नयेत. 'टेली-मानस' या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य समुपदेशन मिळते.

कागदपत्रांची तयारी

अभ्यासाइतकेच महत्त्वाचे, पण नेमके शेवटी आठवणारे काम कागदपत्रांचे. शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून व ८५ टक्के जागा राज्य कोट्यातून भरल्या जातात. राज्य कोट्याची प्रक्रिया राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत होते. दोन्हीसाठी स्वतंत्र नोंदणी करावी लागते. परीक्षेचा अर्ज भरला म्हणजे प्रवेशाचाही अर्ज झाला, ही समजूत चुकीची आहे. राज्य कोट्यासाठी काही अपवाद वगळता दहावी व बारावी महाराष्ट्रातून उत्तीर्ण असणे आणि अधिवास प्रमाणपत्र असणे आवश्यक असते.

राखीव प्रवर्गातील विद्यार्थ्यांसाठी सर्वांत वेळखाऊ कागद जात वैधता प्रमाणपत्राचा. विज्ञान शाखेतील विद्यार्थ्याने अकरावी-बारावीत असतानाच महाविद्यालयामार्फत जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे अर्ज करावा. अनुसूचित जमातींसाठी स्वतंत्र तपासणी समित्या आहेत. वडिलांच्या किंवा आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावरील नोंद, जुने महसुली अभिलेख मिळविण्यात महिने जातात. एखाद्या वर्षी शासन मुदतवाढ देते, परंतु तीवर भिस्त ठेवणे योग्य नाही. प्रमाणपत्र वेळेत न आल्याने चांगले गुण असूनही विद्यार्थी खुल्या प्रवर्गात ढकलला जाण्याची शक्यता असते. उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र चालू मुदतीचे असावे. अखिल भारतीय कोट्यासाठी इतर मागास वर्गाचे प्रमाणपत्र केंद्र शासनाच्या नमुन्यात लागते, राज्याच्या नमुन्यातील तेथे चालत नाही. दोन्ही नमुने तहसील कार्यालयाच्या एकाच फेरीत मागून घेता येतात.

परीक्षेनंतर परीक्षा संस्था उत्तरपत्रिकेची प्रतिमा व तात्पुरती उत्तरसूची प्रसिद्ध करते. विहित मुदतीत शुल्क भरून उत्तरसूचीवर आक्षेप नोंदविता येतो. त्या दोन-तीन दिवसांत गावात नेट नाही किंवा अर्जातील भ्रमणध्वनी क्रमांक शिकवणीच्या वर्गाचा आहे, अशा कारणांनी अनेकांची संधी हुकते. म्हणून अर्ज भरताना क्रमांक व ई-मेल घरचाच द्यावा आणि परवलीचा शब्द चुकांच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.